घडीच्या दस्त्याची रायफल घेऊन डोंगरातली शिकार : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोलोरॅडो, मोंटाना, वायोमिंग, आयडाहो किंवा अलास्कात पाठीवर सॅक टाकून चार-सहा दिवस डोंगरात राहायचे आणि एल्क किंवा म्यूल डिअर या हरणांची, रानमेंढी किंवा डोंगरी बोकडाची शिकार करायची, असे ठरवणाऱ्या मराठी वाचकांकडून आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरे बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल (प्रत्येक गोळीनंतर बोल्ट हाताने मागे-पुढे ओढावा लागणारी) धरून लिहिली आहेत. कायदे राज्यागणिक वेगळे असतात आणि बदलतात. म्हणून हंगामाआधी त्या राज्याच्या वन्यजीव खात्याची चालू वर्षाची नियमपुस्तिका वाचावीच.

१. घडीचा दस्ता म्हणजे नेमके काय? रायफल मधोमध मोडते का?

नाही. नळी, बोल्ट, मॅगझिन, चाप आणि स्कोप (नेम धरायची दुर्बीण) हा सगळा भाग अखंड राहतो. त्याच्या मागे, पिस्तुलासारख्या मुठीच्या वरच्या बाजूला एक बिजागरी असते. खांद्याला टेकणारा दस्ता तिथून बाजूला वळतो आणि रायफलीच्या कुशीला येऊन बसतो. उघडताना दस्ता सरळ रेषेत आला की खटका बसतो आणि तो जागच्या जागी पकडला जातो. सोडवायला बहुतेक ठिकाणी एक बटण दाबावे लागते.

बाजारात हे दोन तऱ्हांनी मिळते. काही रायफली कारखान्यातूनच अशा येतात. स्प्रिंगफील्ड आर्मरीची २०२० रेडलाइन हे त्यातले ओळखीचे नाव. नाहीतर आपल्या रायफलीचा मूळ दस्ता काढून घडीचा दस्ता किंवा चेसिस (दस्त्याऐवजी वापरायची चौकट) बसवता येतो (प्रश्न ५).

२. याने रायफल हलकी होते का?

होत नाही, उलट थोडी जड होते. बिजागरी, तिचा खिळा आणि खटका मिळून साधारण ११० ते २२५ ग्रॅम वाढतात. डोंगरी शिकारीसाठी बनवलेले साधे कार्बन फायबरचे दस्ते ४५० ते ७०० ग्रॅमचे असतात. मॅग्नेशियम आणि कार्बनची हलकी चेसिस ७५० ग्रॅमच्या आसपास जाते, आणि घडीच्या आवृत्तीत त्यात आणखी भर पडते. वजन कमी करणे हाच हेतू असेल तर तेच पैसे नळीवर किंवा स्कोपवर घालावेत. घडीचा उपयोग लांबीसाठी आहे, वजनासाठी नाही.

३. लांबी किती वाचते? तेवढ्याने खरंच फरक पडतो?

२२ इंची नळीची शॉर्ट-अ‍ॅक्शन रायफल (आखूड काडतुसांची, म्हणून बोल्टचा भागही आखूड असलेली) टोकापासून टोकापर्यंत साधारण ४२ इंच, म्हणजे १०७ सें.मी. भरते. घडी घातल्यावर ८ ते १० इंच कमी होतात आणि ३२ ते ३४ इंच उरतात. नळीच्या तोंडाला सप्रेसर (आवाज कमी करणारे नळकांडे) लावला की ६-७ इंच पुन्हा वाढतात. घडीचे दस्ते एवढे लोकप्रिय झाले त्याचे मोठे कारण हेच आहे: सप्रेसर लांबी वाढवतो आणि घडी ती परत काढून घेते.

फरक कुठे पडतो ते सॅक पाठीवर घेतल्यावर कळते. शिकारीच्या सॅकची चौकट साधारण २४ ते २६ इंच उंच असते. ४८ इंची रायफल तिला उभी बांधली की नळी डोक्याच्या वर हातभर येते. पडलेल्या लॉजपोल पाइनच्या ओंडक्यांखालून वाकून जाताना ती प्रत्येक फांदीत अडकते. कड्यावर हात टेकून चढताना मागे झुकलो की मानेला झटका बसतो, आणि घसाऱ्यावरून उतरताना दस्ता पोटरीमागे दगडांवर आपटतो. घडी घातलेली रायफल डोक्याच्या उंचीतच राहते. दोन्ही हात काठ्यांना मोकळे मिळतात, आणि कोलोरॅडोत ३,५०० मीटरच्या वर, जिथे झाडी संपते आणि उघडे दगड सुरू होतात, तिथे मोकळे हात फार मोलाचे असतात.

४. मला ती लागेलच असे आहे का?

शिकार कशी करता त्यावर अवलंबून आहे. धारेवर बसून दुर्बिणीने तासन्‌तास समोरचे उतार न्याहाळायचे, जनावर दिसले की दोन-तीन तास चालून जवळ जायचे आणि मग आडवे पडून नेम धरायचा, अशी शिकार असेल तर रायफल दिवसातला बहुतेक वेळ सॅकवरच असते. तिथे घडी कामाची. रानमेंढी आणि डोंगरी बोकडाची शिकार अशीच असते.

दाट झाडीत एल्कच्या मागावर हळूहळू चालत असाल तर चित्र उलटे. तिथे जनावर ४०-५० मीटरवर अचानक उभे राहते आणि दोन-चार सेकंदच मिळतात, तेव्हा रायफल उघडी आणि हातातच हवी. तुमची सगळी शिकार अशीच होणार असेल तर बिजागरीचे वजन उगाच वाहू नका.

ज्यांची नळी १८ इंच किंवा त्याहून आखूड आहे आणि सप्रेसर नाही, त्यांनाही फारसा लाभ नाही.

५. माझ्याकडे आधीच एक रायफल आहे. तिलाच घडीचा दस्ता बसेल का?

अ‍ॅक्शनच्या (म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या भागाच्या) मापावर आहे. रेमिंग्टन ७०० च्या मापाच्या अ‍ॅक्शनसाठी सर्वांत जास्त पर्याय मिळतात. टिक्का टी३एक्स, सॅव्हेज आणि हॉवा १५०० साठीही बऱ्यापैकी आहेत. मागवण्याआधी चार गोष्टी तपासा: अ‍ॅक्शन शॉर्ट की लाँग, मॅगझिन कुठल्या पद्धतीचे, नळीची जाडी दस्त्याच्या खाचेत बसते का, आणि बोल्टची मूठ दुमडलेल्या दस्त्याला लागते का. चौथी गोष्ट तपासायची राहते आणि तीच नडते.

बसवताना अ‍ॅक्शनचे स्क्रू टॉर्क रेंचनेच आवळा, उत्पादकाने दिलेल्या आकड्यावर. अ‍ॅल्युमिनियमच्या चेसिसचा आकडा कार्बनच्या दस्त्याला वापरू नका. दस्ता बदलल्यावर रायफल नव्याने झीरो करावी (स्कोपचा नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवावी) लागते.

६. दस्ता डावीकडे दुमडणारा बरा की उजवीकडे?

उजव्या हाताच्या रायफलीत बोल्टची मूठ उजवीकडे असते. दस्ता डावीकडे दुमडला तर बोल्ट मोकळा राहतो: घडी न उघडता तो मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा) रिकामे आहे का पाहता येते. पण मग एका अंगाला दस्ता आणि दुसऱ्या अंगाला बोल्टची मूठ, अशी रायफल रुंद होते.

उजवीकडे दुमडला तर दस्ता मुठीच्या बाजूलाच येतो, रायफल चपटी राहते आणि मूठ फांद्यांना लागत नाही. मात्र काही रचनांमध्ये घडी घातली की बोल्ट उघडतच नाही. अशी रायफल दुमडण्यापूर्वीच चेंबर पाहून घ्यावे लागते आणि नंतर खात्री करायची तर आधी घडी उघडावी लागते. आमचे मत डावीकडच्या बाजूने आहे, कारण थकलेल्या माणसाला चेंबर चटकन पाहता यावे. पण सॅकला चपटेपणाच हवा असेल तर उजवीकडचीही चूक नाही.

७. बिजागरीमुळे नेम बिघडतो का?

नळी, अ‍ॅक्शन आणि स्कोप एकाच तुकड्यावर आहेत. बिजागरी त्यांच्या मागे आहे. त्यामुळे दस्ता दुमडल्या-उघडल्याने स्कोप आणि नळीचे नाते बदलत नाही. जे बदलू शकते ते तुमचे आणि रायफलीचे नाते. खटक्यात केसभर जरी ढिलाई असली तरी गाल दर वेळी थोड्या वेगळ्या जागी टेकतो, खांद्याचा दाब बदलतो आणि गोळ्या पसरतात. हलक्या रायफलीचा धक्का मोठा असतो म्हणून ती ढिलाई आणखी जाणवते.

ढिलाई हाताने कळते. रायफल रिकामी करा. डाव्या हाताने मूठ आणि उजव्या हाताने दस्त्याचे टोक धरून वर-खाली आणि आडवे हलवा. टक्‌ असा बारीक आवाज आला किंवा बोटांना हालचाल जाणवली तर खिळ्याचा स्क्रू आवळा. तरीही हलत असेल तर तो दस्ता परत करा.

मग मैदानावर १०० यार्डांवर एकाच जातीच्या काडतुसांच्या दहा गोळ्या झाडा: पाच घडी न घालता, आणि पाच प्रत्येक गोळीनंतर रायफल रिकामी करून, घडी घालून, पुन्हा उघडून. दोन्ही वेळा नळी सारखीच थंड होऊ द्या. दोन्ही झुपक्यांचे मध्यबिंदू जवळपास एकाच जागी आले तर बिजागरी विश्वासाची आहे. दुसरा झुपका सरकला नाही पण फुगला, तर दोष बहुधा गाल टेकण्याच्या उंचीत आहे. आणि ही परीक्षा सॅकवर रायफल टेकवून, आडवे पडून घ्या. बेंचवरचा निकाल डोंगरात उपयोगी पडत नाही.

८. घडी घालून सॅकला रायफल कशी बांधायची?

मॅगझिन काढा. बोल्ट उघडा, चेंबरमध्ये पाहा आणि करंगळी घालून रिकामे असल्याची खात्री करा. अंधारात डोळ्यापेक्षा करंगळी खरी. मग बोल्ट बंद करून सेफ्टी लावा. (चालताना मॅगझिन कुठे ठेवायचे ते प्रश्न १० मध्ये.)

पट्टा काढून ठेवा. पट्ट्याचे एक टोक दस्त्यावर आणि एक पुढे असते. घडी घातली की मधला पट्टा सैल पडून त्याचा फास लोंबतो आणि पहिल्याच झुडपात अडकतो. झटपट निघणारे क्लिप असतील तर हे काम दोन सेकंदांचे आहे.

दस्ता दुमडा. काही रचनांमध्ये तो चुंबकाने किंवा खटक्याने बसतो, काहींत नुसताच लटकतो. लटकणाऱ्याला एक लवचिक पट्टी किंवा रबरी स्ट्रॅप गुंडाळा, नाहीतर दर पावलाला टक टक आवाज येईल. शांत सकाळी तो आवाज जनावराला फार लांबून ऐकू जातो.

आता जागा. सॅकच्या कुशीत, पाण्याच्या बाटलीच्या कप्प्यात खालचे टोक आणि वर दाबपट्टा, ही नेहमीची पद्धत. स्कोप सॅकच्या दिशेने नको, बाहेर किंवा मागे हवा. आत असला तर चौकटीच्या नळीवर त्याची टरेट (नेम सरकवायचे फिरते बटण) घासते आणि फिरते. टरेटला कुलूप नसेल तर चिकटपट्टीचा एक वेढा घाला. दुसऱ्या बाजूला तेवढ्याच वजनाचे काहीतरी ठेवा: स्पॉटिंग स्कोप, ट्रायपॉड किंवा पाणी. साडेतीन-चार किलो एकाच कुशीला टांगून दिवसभर चाललात तर संध्याकाळी कंबरेची एक बाजू बोलू लागते.

पट्टे आवळल्यावर एक गोष्ट नीट पाहा. सॅकच्या आडव्या पट्ट्याचे सुटे टोक किंवा छोटे बकल चापाभोवतीच्या कड्यात शिरलेले नाही ना? उघड्या रायफलीत दस्ता मागे असल्याने पट्टे सहसा पुढेच राहतात. घडी घातली की चाप नेमका पट्ट्यांच्या ओळीत येतो. कड्यावर जाड कापडाची पट्टी वेलक्रोने गुंडाळणे हा स्वस्त आणि पक्का उपाय.

९. नळीचे तोंड वर ठेवायचे की खाली?

आम्ही वर ठेवतो. खाली ठेवले की सॅक जमिनीवर टेकवताना तोंड बर्फात किंवा चिखलात रुततेच. नळीत बर्फाची किंवा चिखलाची गुठळी असताना गोळी झाडली तर नळी फुगू किंवा फुटू शकते. वर ठेवण्याची अडचण फांद्यांची, पण घडीमुळे ती बरीच कमी होते.

कोणत्याही दिशेला असो, उघड्या नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकल टेपचा एक तुकडा लावा. पाऊस, बर्फ आणि पाइनच्या सुया आत जात नाहीत. टेप असतानाच गोळी झाडता येते: गोळीच्या पुढे दाबली गेलेली हवा टेप आधीच फाडते. सप्रेसर असेल तर त्याच्यासाठी मिळणारे टोपण वापरा, आणि दर थांब्यावर सप्रेसर हाताने फिरवून पाहा. चालण्याच्या हादऱ्याने आट्यांवरून तो सैल होतो आणि तसा झाडला तर नेम नक्की चुकतो.

१०. चेंबरमध्ये काडतूस ठेवून चालावे का?

सॅकवर बांधलेल्या रायफलीत कधीही नाही. ती तुमच्या हातात नाही, डोळ्यांसमोर नाही, आणि नळी मागून येणाऱ्या सोबत्याच्या दिशेने कधी वळते ते तुम्हाला दिसत नाही. काडतुसे मॅगझिनमध्ये, चेंबर रिकामे. मॅगझिन रायफलीत राहू द्यायचे की खिशात ठेवायचे ते तुमच्या सवयीवर. हिमवर्षावात खिशात बरे, कारण मॅगझिनच्या ओठांवर (वरच्या कडांवर) बर्फ जमले तर काडतूस वर चढत नाही.

गाडीत बसताना नियम आणखी कडक होतात. कोलोरॅडोत मोटारीत किंवा मोटारीवर रायफलीचे चेंबर रिकामे लागते. चारचाकी एटीव्हीवर तर मॅगझिनही रिकामे आणि रायफल पूर्ण बंद पेटीत किंवा बंद कव्हरमध्ये.

११. अचानक जनावर समोर आले तर? घडी उघडण्यात संधी जाणार नाही का?

जाऊ शकते, हे मान्य करूनच घडी घालायची. घडी उघडायला एक सेकंद लागतो. वेळ जातो तो सॅक उतरवण्यात, पट्टे सोडवण्यात आणि बकल शोधण्यात. म्हणून घरी, रिकाम्या रायफलीवर हा क्रम बसवून घ्या: सॅक खाली, वरचा पट्टा सुटला, रायफल बाहेर, दस्ता खटक्यात, हिसका देऊन खात्री, टोपण काढले, मॅगझिन लावले, आडवे पडलो, काडतूस चढवले. हातमोजे घालून आणि अंधारात करून पाहा. अर्ध्या मिनिटात जमले तर उत्तम.

‘हिसका देऊन खात्री’ ही पायरी गाळू नका. अर्धवट बसलेला खटका धक्क्याने सुटतो, दस्ता बाजूला वळतो आणि स्कोपची कडा भुवईत येते.

जनावर जवळ असण्याची शक्यता वाटली, वास आला, ताजे शेण किंवा पाऊल दिसले की तिथेच थांबून रायफल उघडा आणि हातात घ्या. खांद्याच्या पट्ट्याला अडकवून रायफल पुढे तोलणारे गन बेअरर प्रकारचे पट्टेही मिळतात. उघड्या रायफलीसाठी दोहोंच्या मधला तो चांगला मार्ग आहे.

१२. ग्रिझली अस्वलांच्या मुलखात घडी घातलेली रायफल संरक्षणाला पुरेल का?

अजिबात नाही. सॅकवरची रायफल हे त्या क्षणी सामान आहे, हत्यार नाही. वायोमिंगचा वायव्य भाग, मोंटाना किंवा अलास्कात अस्वलांचा स्प्रे कंबरपट्ट्यावर किंवा छातीपट्ट्यावर, एका हाताने निघेल असा लावा आणि सोबत्यालाही तसाच लावायला सांगा. सॅकच्या कुशीतल्या कप्प्यात ठेवलेला स्प्रे काही कामाचा नाही. सर्वांत धोक्याची वेळ मारलेले जनावर सोलताना येते: दोघे असाल तर एकाने काम करावे, दुसऱ्याने रायफल उघडून उभे राहून चौफेर नजर ठेवावी.

१३. थंडीत आणि धुळीत बिजागरी अडकते का?

अडकते, आणि दोन उलट तऱ्हांनी. पहिली: दिवसा वितळलेले पाणी फटीत शिरते, रात्री गोठते आणि सकाळी बटण दाबलेच जात नाही. अशा वेळी दगडाने ठोकू नका. बिजागरी तळहातात दोन मिनिटे धरा किंवा अंगरख्याखाली घ्या, बर्फ सुटते.

दुसरी तऱ्हा जास्त वाईट. दस्ता दुमडलेला असताना बिजागरीची दोन्ही तोंडे उघडी पडतात. त्यावर बर्फाचा भुगा किंवा ग्रॅनाइटची रेती चिकटते. उघडल्यावर दस्ता सरळ दिसतो, खटक्याचा आवाजही येतो, पण तोंडे पूर्ण मिटलेली नसतात. मग प्रश्न ७ मधली ढिलाई येते आणि ती नव्या रायफलीतही येते. म्हणून उघडण्याआधी तोंडांवरून अंगठा फिरवा किंवा जुना टूथब्रश मारा. टूथब्रशचे वजन नगण्य आहे, तोडून निम्मा केला तर आणखी कमी.

वंगण कोरडे वापरा. ग्रीस थंडीत घट्ट होते आणि धूळ धरून ठेवते. खिळ्याच्या स्क्रूवर आणि बाजूच्या धातूवर रंगाची एक सलग रेघ ओढा: रेघ तुटली की स्क्रू फिरला हे टॉर्चच्या उजेडातही दिसते. सैल झाला तर निळे थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा डिंक) लावून आवळा. लाल लावू नका, ते काढायला उष्णता द्यावी लागते आणि कार्बनला ती सोसत नाही.

रात्री रायफल तंबूच्या उबेत आणू नका. थंड धातूवर लगेच दव धरते आणि सकाळी तेच बोल्टमध्ये गोठते. तंबूच्या बाहेरच्या पडवीत, ताडपत्रीखाली ठेवा.

१४. शिकार झाल्यावर मांस आणि रायफल दोन्ही कसे न्यायचे?

घडीचे पैसे इथे वसूल होतात. मोठ्या नर एल्कचा हाडासकट मागचा पाय २५ ते ३० किलो भरतो. चांगल्या शिकारी सॅकमध्ये पिशवी आणि चौकट यांच्यामध्ये मांस ठेवायची जागा असते. ते जितके पाठीला चिकटून आणि जितके उंच, तितके बरे. अशा ओझ्याने माणूस मागे पडला तर लांब रायफल दगडावर पडते, दुमडलेली सॅकच्या आडोशाला राहते.

मांस बांधण्यापूर्वी रायफल पूर्ण रिकामी करा, मॅगझिनसुद्धा. रक्त आणि चरबी बिजागरीत गेली तर तिथे गोठते, म्हणून रायफलीवर प्लास्टिकची पिशवी चढवा. शक्य असेल तर सप्रेसर काढून सॅकमध्ये टाका.

१५. घोड्यावरून जाणार आहे. खोगिराच्या म्यानात दुमडून ठेवू का?

नको. म्याने सरळ, सडपातळ रायफलीसाठी शिवलेली असतात. दुमडलेली रायफल जाड होते, आत बसत नाही, बसलीच तर घोड्याच्या बरगड्यांना टोचते. घोड्यावर रायफल उघडी, चेंबर रिकामे. उतरलात की आधी रायफल म्यानातून काढून घ्या: घोडा बुजून पळाला तर ती त्याच्याबरोबर जाते.

१६. विमानाने नेताना घडीचा फायदा होतो का?

होतो. बहुतेक विमान कंपन्यांची चेक-इन बॅगेची मर्यादा लांबी, रुंदी आणि उंची मिळून ६२ इंच असते. उघड्या रायफलीची ५२ इंची पेटी ती सहज ओलांडते. ३६ इंची पेटी १४ आणि ६ इंच धरूनही ५६ इंचांत बसते. शिवाय तिच्याकडे पाहून आत रायफल आहे हे चटकन कळत नाही.

अमेरिकेतल्या देशांतर्गत प्रवासात रायफल रिकामी, कठीण आणि कुलूपबंद पेटीत, फक्त चेक-इन सामानात नेता येते आणि काउंटरवर तोंडाने सांगावे लागते. पेटी कोपऱ्यातून उचकटून आत हात जात असेल तर ती चालत नाही, म्हणून कुलपाच्या सगळ्या जागा भरा. काडतुसे मूळ खोक्यात किंवा तशाच पक्क्या डब्यात. बऱ्याच कंपन्यांची मर्यादा ५ किलो आहे. उतरल्यावर डोंगरात शिरण्याआधी झीरो तपासायला किमान दहा काडतुसे जास्त ठेवा.

१७. घडी घातल्यावर लांबी २६ इंचांच्या आत आली तर रायफल बेकायदा होते का?

अमेरिकेच्या संघीय कायद्यात रायफलीची नळी किमान १६ इंच आणि एकूण लांबी किमान २६ इंच लागते. एकूण लांबी दस्ता उघडून मोजतात आणि आट्यांवर चढवलेला, काढता येणारा सप्रेसर मोजत नाहीत. त्यामुळे १८-२२ इंच नळीच्या बोल्ट-अ‍ॅक्शनला अडचण येत नाही.

अडचण दोन ठिकाणी येते. कॅलिफोर्नियात सेंटरफायर (काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसणाऱ्या) अर्धस्वयंचलित रायफलीला, काढता येणाऱ्या मॅगझिनबरोबर घडीचा दस्ता असेल तर ती असॉल्ट वेपन ठरते. बोल्ट-अ‍ॅक्शनला हे लागू नाही. आणि कॅनडात, जी बंदूक दुमडून ६६० मि.मी.पेक्षा आखूड होते आणि तशीही झाडता येते ती निर्बंधित वर्गात जाते. निर्बंधित बंदुकीने शिकार करता येत नाही. ब्रिटिश कोलंबियात जाण्याआधी घडी घालून टेपने मोजा. नळी १६ इंची असेल तर आकडा सीमेच्या अगदी जवळ येतो. सप्रेसर मात्र कॅनडात नेऊच नका, तिथे तो बंदी घातलेल्या वस्तूंमध्ये आहे.

राज्यांचे शिकारीचे नियमही पाहा. कोलोरॅडोत मोठ्या जनावरांसाठी रायफल किमान .२४ कॅलिबरची, १६ इंची नळीची आणि २६ इंच लांब हवी. आयडाहोत स्कोप, पट्टा आणि जोडणीसकट १६ पाउंडांपेक्षा जड चालत नाही, पण डोंगरात तेवढी जड नेणारा माणूस विरळा.

१८. मी एच-१बी वर आहे. रायफल बाळगू शकतो का?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो, आणि इथली चूक सर्वांत महागात पडते. एच-१बी, एच-४, एफ-१ अशा नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्यांना संघीय कायद्याने बंदूक आणि काडतुसे बाळगायला मनाई आहे. त्याला काही अपवाद आहेत, आणि त्यातला नेहमी उपयोगी पडणारा अपवाद म्हणजे कोणत्याही राज्याने दिलेला, चालू मुदतीचा शिकारीचा परवाना. तो दाखवून दुकानातून रायफल घेता येते. नुसता मासेमारीचा परवाना चालत नाही. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही.

मेख मुदतीत आहे. परवाना संपला त्या दिवशी अपवाद संपतो, रायफल घरातल्या कपाटात असली तरी. म्हणून एखाद्याच मोसमाच्या परवान्यावर विसंबू नका. वर्षभराचा, छोट्या जनावरांच्या शिकारीचा परवाना घ्या आणि खंड पडू न देता नवा करा. कोलोरॅडोत वार्षिक परवाना १ मार्चपासून पुढच्या वर्षीच्या ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणजे नूतनीकरणाला एक महिना हातात असतो. जुना परवानाही जपून ठेवा.

वॉशिंग्टन राज्यात एवढ्याने भागत नाही. तिथे नॉनइमिग्रंट व्हिसाधारकांसाठी राज्याचा वेगळा शस्त्रपरवाना आहे. सिएटलच्या बाजूला राहणाऱ्यांनी खरेदीआधी शस्त्र कायदा जाणणाऱ्या वकिलाशी बोलावे. व्हिसाचे प्रकरण चालू असेल तर सगळ्यांनीच.

१९. सप्रेसरवरचा कर रद्द झाला म्हणतात. मग आता नोंदणी नको?

१ जानेवारी २०२६ पासून सप्रेसरवरचा २०० डॉलरचा संघीय कर शून्य झाला आहे. नोंदणी, बोटांचे ठसे आणि मंजुरी तशीच आहे. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय यांसारख्या राज्यांत खासगी मालकीलाच बंदी आहे, त्यामुळे त्या राज्यांतून जाणारा रस्ता किंवा तिथे बदलायचे विमान टाळा.

२०. दुमडलेल्या अवस्थेत गोळी झाडता येते का?

काही रायफली यांत्रिकदृष्ट्या झाडतील. शिकारीत झाडू नये. खांद्याचा आधार नाही, गाल टेकत नाही, त्यामुळे जनावर जखमी होऊन निसटते, आणि मॅग्नमचा (जास्त जोरदार काडतुसाचा) धक्का मनगटावर आणि स्कोप कपाळावर येतो.

२१. भारतात परतताना ही रायफल आणून सह्याद्रीत वापरता येईल का?

नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार भारतात हौसेची शिकार गुन्हा आहे, आणि बंदूक बाळगायला शस्त्र अधिनियम, १९५९ खाली परवाना लागतो. परतण्याचे ठरले की रायफल तिथल्याच परवानाधारक दुकानदाराला विका, शिकारीच्या परवान्याची मुदत संपण्याच्या आत. सप्रेसर असेल तर त्याची विक्री वेगळ्या मंजुरीने होते आणि ती मिळायला वेळ लागू शकतो, त्यामुळे तिकीट काढण्याआधी ते काम हातात घ्या.